जांभळ्या दारातला शेवटचा खेळ

डोंगर दारात उभा असला की भांडायला आलेला माणूससुद्धा आवाज खाली करून तिकीट मागायचा. अंगानं तो तसाच होता. मान नावाचा प्रकार नाही, खांद्यावर थेट डोकं, आणि तळहात असे की त्यात पेला धरला तर दिसायचा नाही. कुणी कधी त्याच्याशी हातघाईवर आलं नाही, आणि ते फार बरं झालं. कारण आतून हा माणूस सशाच्या काळजाचा होता. लिफ्टला घाबरायचा. कुत्र्याला घाबरायचा, पिल्लू असलं तरी. दातांच्या डॉक्टरच्या पायरीवरून कितीदा परत फिरला आणि शेवटी दाढ आपोआप पडेपर्यंत एका बाजूनं जेवत राहिला. त्याची थोरली बहीण, जिनं त्याला लहानाचं मोठं केलं आणि जिच्या घरी तो अजून राहायचा, म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तुझ्यापाठी त्यांची पलटण आहे."

बोळाच्या मध्यावर एक जाड लाकडी दार होतं, जांभळ्या रंगाचं, त्यावर 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी. त्या दारात उभं राहणं ही डोंगरची नोकरी. जागेला खरं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळे 'जांभळं दार' म्हणायचे. आत बायका कपडे उतरवत नाचायच्या. लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता, सगळ्याच अर्थांनी.

तरीही अशा इतर ठिकाणांसारखं ते नव्हतं. मालकीण सत्तरी ओलांडलेली, तिला लहानथोर सगळे आत्या म्हणायचे. ती तिकीट खिडकीत लोकर विणत बसायची आणि तिकीट फाडण्याआधी प्रत्येकाला म्हणायची, "हात बघू." नखं काळी दिसली तर कोपऱ्यातल्या नळावर पाठवायची. बँकेचा मॅनेजर मुकाट्यानं साबण लावताना डोंगरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आत शिट्टी मारायची नाही. मारलीच, तर पुढचा नाच संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि केस पिकलेली माणसंही राहायची. टाळ्यांनाही बंदी होती, कारण पियानो वाजवणारे मास्तर म्हणायचे, टाळ्यांनी माझा ठेका चुकतो. मग लोकांनी खूश झाल्याचं दाखवायचं कसं? तर पाय आपटून. नाच रंगला की अख्खं सभागृह एकदम पाय आपटायचं आणि तो धडधडाट बोळाच्या टोकाच्या चपलांच्या दुकानापर्यंत जायचा.

सगळ्यात शेवटी महाराणीचा नाच. पन्नाशी उलटलेली बाई, पण रंगमंचावर आली की वय विंगेत ठेवून यायची. इतर मुली कपडे उतरवायच्या, महाराणी कपडे चढवायची. येताना अंगावर चार पिसांपलीकडे फारसं काही नसायचं. मग मास्तरांच्या सुरावर ती सावकाश मोजे घालायची, झगा घालायची, हातमोजे घालायची, आणि अखेरीस लांब काळा कोट. तो कोट धरायला ती प्रेक्षकांतल्याच कुणाला तरी वर बोलवायची आणि त्या मानासाठी माणसं अडून बसायची. मग बटणं. खालून वर, एकेक. प्रत्येक बटणाला ती अशी बघायची की खुर्चीतल्या माणसाला वाटायचं, आपल्याला कुणीतरी घराबाहेर काढून हळूच कडी लावून घेतंय. हनुवटीखालचं शेवटचं बटण लागलं की लोक भान हरपून पाय आपटायचे. एका विधुर शिंप्याला तर दर वेळी हुंदका यायचा.

असं हे ठिकाण बंद होणार होतं. आत्याची नजर अधू झाली होती आणि नखं नीट दिसेनाशी झाली होती. तरुण माणसं यायची थांबली होती. "सगळं आता खिशातच मिळतं त्यांना," आत्या म्हणायची. "तिथं कुणी हात धुवायला लावत नाही." मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून तिनं जागा विकून टाकली. घेणाऱ्याला तिथं गोदाम बांधायचं होतं.

शेवटचा खेळ रविवारी दुपारी ठरला. आणि मग काय विचारता! आयुष्यभर त्या बोळातून जाताना तोंड फिरवणारे लोकही म्हणू लागले, आपलं जांभळं दार. पाववाली आली, पोस्टमन आला, वाचनालयातल्या दोघी बहिणी आल्या. तिकीट खिडकीपुढची रांग वळसा घालून हमरस्त्यावर गेली. डोंगरला एवढी गर्दी बघूनच घाम फुटला. लहानपणी एका जत्रेत तो गर्दीखाली सापडला होता. ताईनं त्याच्यावर आडवं पडून त्याला वाचवलं आणि त्यात तिचा गुडघा कायमचा दुखावला. तेव्हापासून खूप माणसांचा एकत्र आवाज ऐकला की तो भिंतीला पाठ लावायचा.

"आत्या, एवढी माणसं मावायची नाहीत," तो खिडकीत वाकून म्हणाला.

"बाल्कनी आहे ना."

बाल्कनी वर्षानुवर्षं बंद होती. तिथं जुने पडदे, मोडकी झाडं, पुठ्ठ्याचा चंद्र असलं सामान पडलेलं असायचं. आत्यानं ते सगळं काढून टाकायला लावलं होतं, आणि रविवारी सकाळी शेजारच्या शाळेतून मागून आणलेल्या खुर्च्या डोंगरनंच वर चढवल्या होत्या. चढवताना त्याला तो आवाज आला होता. कुरकुर नव्हे. कुरकुरणारं लाकूड त्याला माहीत होतं, ताईचं सगळं घरच कुरकुरायचं. हा आवाज खालून आला, भिंतीतून. कुणीतरी दातावर दात घासावा तसा. तो खाली उतरून बाल्कनीखाली गेला आणि मान वर करून बघितलं. बाल्कनी पेलणारी जाड तुळई जिथं भिंतीत शिरत होती, तिथं गिलाव्याला फट पडली होती. त्यानं खुर्चीवर चढून नख घालून पाहिलं. नख आत गेलं.

त्यानं आत्याला हात धरून तिथं नेलं. तिनं डोळे बारीक करून वर पाहिलं, पण तिला पांढरी भिंत आणि काळी तुळई यांपलीकडे काही दिसेना.

"जुनी इमारत आहे रे. माझ्याही अंगावर चिरा पडल्यात."

"आत्या, मला भीती वाटते."

"तुला कधी वाटत नाही? वटवाघळाच्या वेळी काय केलंस?"

ते खरं होतं. एकदा सभागृहात वटवाघूळ शिरलं आणि डोंगर 'पळा, पळा' करत असा ओरडला की लोक खुर्च्या उलथ्या करून रस्त्यावर आले. मुली तर अंगावर पडदे गुंडाळून. त्या दिवसापासून त्याच्या भीतीला जांभळ्या दारात किंमत उरली नव्हती.

आत्यानं त्याच्या दंडावर हात ठेवला. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "एकदा भरलेलं बघू दे मला. एकदाच. आज कुणाला परत पाठवायचं नाही, ऐकलंस ना?"

त्यानं ऐकलं. दारात जाऊन उभा राहिला आणि माणसं आत सोडू लागला. दर दहाबारा माणसांमागे त्याला वाटायचं, आता बस, आता दार लावावं. पण हात उठेना. तिकीट असलेल्या माणसाला आपण अडवलं आणि त्यानं विचारलं का म्हणून, तर काय सांगणार? मला भीती वाटते?

आणि मग रांगेत त्याला ताई दिसली.

ताई आयुष्यभर सुईण म्हणून राबलेली, फटकळ बाई. 'तुझ्या त्या दुकानात मी पाऊल टाकणार नाही' हे वाक्य ती दर महिन्याला एकदा तरी म्हणायचीच. आज ती ठेवणीतला कोट घालून, काठी टेकत उभी होती.

"ताई? तू?"

"का? माझी नखं स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "तू इतकी वर्षं जिथं उभा राहिलास ते बघू तरी. आता बंदच होतंय, म्हणजे लाज वाटायचंही कारण नाही."

खाली एकही खुर्ची उरली नव्हती. मागे लोटालोट चालली होती. डोंगर काही म्हणायच्या आत एका पोरसवदा जोडप्यानं ताईला दोन्ही बाजूंनी हात दिला आणि "या आजी, वरून छान दिसतं" म्हणत तिला बाल्कनीच्या जिन्यानं वर नेलं. डोंगरनं हाक मारली, ती गोंगाटात विरली. मान वर करून पाहिलं तेव्हा ताई पहिल्या रांगेत, कठड्याला हनुवटी टेकवून बसली होती आणि एखाद्या मुलीसारखी खाली वाकून बघत होती.

त्याची नजर तिथून हलेना.

खेळ सुरू झाला. पहिल्या नाचाला लोक पाय आपटू लागले तेव्हा तो बाल्कनीखाली, तुळईजवळ जाऊन उभा राहिला. त्याच्या टोपीवर काहीतरी पडलं. हात लावून पाहिलं तर पांढरी पूड. दुसऱ्या नाचानंतर पुन्हा पडली, या वेळी खांद्यावरही. त्यानं खुर्ची ओढली, वर चढला आणि फटीत बोट घातलं. सकाळी जिथं नख जेमतेम शिरलं होतं तिथं आता अख्खं बोट आत गेलं. तुळई भिंतीतून बाहेर सरकत होती. शेजारच्या खुर्चीतला माणूस त्याच्याकडे बघून म्हणाला, "काय डोंगर, कोळिष्टकं काढतोस? आज कशाला?" आणि हसला.

डोंगरची पाचावर धारण बसली. ओरडायला त्यानं तोंड उघडलं. आणि तोंड उघडताच त्याला बाल्कनीचा जिना दिसला. अरुंद, वळणाचा, एका वेळी एकच माणूस उतरेल असा. वर माणसं खच्चून भरलेली. आपण 'पळा' म्हणालो की ती सगळी एकदम उठतील, एकदम धावतील. तुळईनं तग धरला तरी जिना त्यांना गिळेल, आणि सगळ्यांच्या मागे, दुखऱ्या गुडघ्याची ताई. जत्रेतली ती पायाखालची ओली माती त्याच्या नाकात आली. त्यानं तोंड मिटलं. दात इतके वाजत होते की जबडा हातानं धरावा लागला.

तो पुन्हा आत्याच्या खिडकीकडे धावला. खिडकी बंद होती. आत्या पुढच्या रांगेत जाऊन बसली होती, तिच्या आयुष्यातला पहिलाच खेळ समोरून बघत. मध्ये माणसंच माणसं, मुंगी शिरायला जागा नाही.

तेवढ्यात दिवे मंद झाले आणि मास्तरांनी महाराणीचा सूर धरला.

तिनं मोजे घातले. झगा घातला. सभागृह श्वास रोखून बसलं होतं आणि त्या शांततेत डोंगरला तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता, दातावर दात घासल्याचा. बाकी कुणाला तो येत नव्हता. सगळ्यांचे कान आणि डोळे रंगमंचाकडे होते. त्याच्या ध्यानात आलं की वेळ आता त्या बाईच्या हातात आहे. मोजे झाले, झगा झाला. हातमोजे, मग कोट, मग बटणं. शेवटचं बटण लागेल आणि खालचेवरचे सगळे जीव खाऊन पाय आपटतील. शेवटचा खेळ म्हणून नेहमीच्या दुप्पट जोरानं.

महाराणीनं हातमोज्याचं शेवटचं बोट ओढलं, कोट उचलला आणि नेहमीसारखं कपाळावर हात धरून प्रेक्षकांकडे पाहिलं. "कोण धरणार माझा कोट?"

शेकडो हात वर झाले. डोंगर रंगमंचाच्या नुसत्या विचारानं गारठणारा माणूस. कधी विंगेतून डोकावलाही नव्हता. पण त्याचे पाय निघाले. तो लोकांच्या गुडघ्यांना धडकत, पायांवर पाय देत पुढे गेला, आणि त्याला बघून लोक हसू लागले, मग आरोळ्या देऊ लागले. "डोंगर! डोंगरला द्या!" तो लाकडी पायऱ्या चढला. दिव्याचा झोत तोंडावर आला तेव्हा त्याला समोर काही दिसेना, फक्त काळोख, आणि त्या काळोखात वर कुठंतरी आपली बहीण आहे एवढंच कळत होतं.

महाराणीनं हसत पाठ वळवली. त्यानं कोट धरला. कोट असा थरथरत होता की बाहीत हात घालताना तिचा हात दोनदा चुकला. लोक खदखदून हसले.

"बाल्कनी पडतेय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "भिंतीतून तुळई निघालीये. बटण लावू नका. लावलंत तर पाय आपटतील."

ती हसतच होती, लोकांसाठी. ओठ न हलवता म्हणाली, "वटवाघूळ नाही ना रे?"

"नाही."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ती त्याला चांगली ओळखत होती. घाबरला की हा ओरडतो. आज हा कुजबुजत होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, रंगाखालचासुद्धा, पण हसू जागचं हललं नाही.

"जिना?" तिनं विचारलं.

"एकेक. सावकाश. आधी वरचे."

ती पुढे आली. पहिलं बटण लावलं. दुसरं लावलं. डोंगर मागे खिळल्यासारखा उभा होता. ही काय करतेय? ऐकू नाही का आलं? तिसरं लावलं, चौथं. मास्तरांचा सूर चढू लागला. लोकांचे पाय सरसावले, तो सळसळाट त्याला इथवर ऐकू आला. शेवटच्या बटणाला तिनं बोट लावलं, आणि थांबली.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

मास्तरांची बोटं हवेतच राहिली. महाराणी रंगमंचावर कधी बोलत नसे.

"इतकी वर्षं हे बटण मी अंधारात लावलं," ती म्हणाली. "आज उन्हात लावणार. बाहेर, रस्त्यावर. ज्याला बघायचंय त्यानं माझ्यामागे यावं. पण माझी एक अट आहे. पाय वाजवायचा नाही. चोरासारखं यायचं. ज्याचा पाय वाजला त्याला आत्या भिंतीकडे उभा करेल. आणि आधी वरचे. वरच्यांना इतका वेळ लांबून दिसलं. आज ते पुढे. डोंगर, जिन्याशी उभा राहा, एकेकाला सोड."

सभागृहात हशा पिकला. हा शेवटच्या खेळाचा खास बेत असावा असंच सगळ्यांना वाटलं. वरची माणसं खुशीत उठली आणि चवड्यांवर, बोटं ओठांवर ठेवून, एकमेकांना 'शू' करत जिन्याकडे निघाली. मास्तरांनी शहाणपणा केला. काय चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं, पण महाराणीचा चेहरा त्यांनी पाहिला होता. त्यांनी अगदी हलक्या हातानं, मांजराच्या चालीचा सूर धरला.

डोंगर जिन्याच्या तळाशी उभा राहिला. प्रत्येक उतरणाऱ्याचा दंड धरून त्याला दाराकडे सोडत होता आणि तोंडानं "सावकाश, सावकाश" म्हणत होता. पाववाली, पोस्टमन, वाचनालयातल्या बहिणी. एकजण मस्करीत शेवटच्या पायरीवरून धप्पकन उडी मारायला गेला, त्याला डोंगरनं हवेतच धरून अलगद खाली ठेवलं. वरून पूड आता सतत पडत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी. लोकांना ती दिसली तर त्यांना वाटलं हाही खेळाचाच भाग. एका बाईनं तळहात पुढे करून ती झेलली.

बाल्कनी रिकामी होत आली. खालची माणसंही उठून दाराबाहेर गेली, आत्याला कुणीतरी हाताला धरून नेलं. ते जोडपं उतरलं. ताई उतरली नाही.

"आजी कुठंय?" डोंगरनं त्या पोराला विचारलं.

"त्या म्हणाल्या गर्दी सरू दे, मग मी येते. गुडघा दुखतोय त्यांचा."

डोंगर जिना चढला. वरच्या पायरीवर येऊन थांबला. तिथून पुढे बाल्कनीची जमीन सुरू होत होती आणि त्याच्या डोक्यात लख्ख आलं की त्या जमिनीवर या घडीला पाऊल टाकायला सगळ्यात वाईट माणूस म्हणजे आपण. सगळ्यांत जड. ताई पहिल्या रांगेत बसली होती, आरामात, दोन्ही हात काठीवर.

"ताई, ये."

"येते रे. दम घे. ही तुमची महाराणी चांगली आहे हं. मला वाटलं होतं काहीतरी भलतंच असेल."

"ताई, ऊठ. हळूच. कठडा धरू नकोस."

"का? तुला आणि आता कसली भीती?" ती त्राग्यानं वळली आणि तिनं त्याचा चेहरा पाहिला. तिनं त्याला कुत्र्यापुढे, लिफ्टपुढे, डॉक्टरपुढे घाबरलेलं पाहिलं होतं. असा नव्हता पाहिला. तो रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. ती उठली. खुर्च्यांच्या मधून वाट काढत निघाली, आणि अर्ध्यावर आली तोच पायाखालून तो आवाज आला. या वेळी तो तिलाही ऐकू आला. जमीन एका बाजूला किंचित कलली. ठेवलेल्या खुर्च्या एकामागून एक आपणहून कठड्याकडे सरकू लागल्या.

ताई जागच्या जागी थिजली.

"मला पाऊल उचलवत नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज असा बारीक झाला होता.

"मलाही नाही उचलवत," डोंगर म्हणाला. "माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस. काठी टाक. बस खाली. बस, आणि सरकत ये. लहान पोरं सरकतात ना, तशी."

ती खाली बसली. ठेवणीतला कोट पुढ्यात गोळा केला आणि बसल्या बसल्या सरकू लागली. तो पायरीवर पालथा पडला, पाय जिन्यात रोवले आणि हात लांब केला. एवढा लांबलचक हात, तरी पोहोचेना. त्यानं आणखी ताणला. तिची बोटं लागली, मग तळवा. त्यानं तिला ओढलं, अंगाशी घेतलं आणि मागे वळून न बघता जिना उतरला. तिला दोन्ही हातांत उचलून तो जांभळ्या दारापर्यंत आला.

बाहेर उन्हात महाराणी रस्त्याच्या मधोमध उभी होती. ती दाराकडेच बघत होती. ही दोघं दिसल्यावर तिनं डोळे मिटले आणि शेवटचं बटण लावलं. सगळ्या बोळानं पाय आपटले. त्या धडधडाटातच आतून दुसरा आवाज आला, मोठा आणि लांबत जाणारा, आणि दारातून पांढऱ्या धुळीचा लोट बाहेर पडला. लोकांना वाटलं, काय झकास बेत केलाय! ते आणखी जोरानं पाय आपटू लागले. धूळ खाली बसेपर्यंत आपटत होते. मग पुढच्या कुणीतरी दारातून आत डोकावलं. तो मागे फिरला तेव्हा त्याचा चेहरा बघून पुढची रांग गप्प झाली, मग त्यामागची, आणि शेवटी सगळा बोळ.

बाल्कनीची एक बाजू खालच्या खुर्च्यांवर उतरली होती. शाळेच्या खुर्च्यांचा चुरा झाला होता. कुणाला खरचटलंही नव्हतं. लोकांनी आपापली माणसं चाचपून पाहिली. एरवी हुंदका देणारा तो शिंपी आज रडला नाही, तो फुटपाथवर बसून ओकला.

आत्याला कुणीतरी चपलांच्या दुकानातली खुर्ची आणून दिली होती. डोंगर तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. तिनं मान वर केली नाही.

"वर किती होते रे?"

"भरली होती, आत्या."

"आणि खाली? तिच्याखाली?"

तिनं त्याची बाही धरली आणि सोडलीच नाही. महाराणी निरोप घ्यायला आली, मास्तर आले, चौकशीला पोलीस आले, तरी तिच्या हातात ती बाही तशीच होती.

पुढे जागा पाडली. गोदाम झालं. बोळात डोंगर दिसला की लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, वाघ म्हणायचे. त्याला त्याचीही भीती वाटायची, कारण वाघाकडून लोक पुन्हा काहीतरी मागतील. त्याचं काही बदललं नव्हतं. झोपेत तो ओरडून उठायचा, दिवा लावूनच झोपायचा. ताईनं मात्र ते ब्रह्मराक्षसाचं बोलणं कायमचं सोडून दिलं. कुठं नवीन जागी गेली की आत शिरण्याआधी हळूच विचारायची, "काय रे, ठीक वाटतंय ना तुला?" आणि तो नाही म्हणाला तर निमूट मागे फिरायची.

आत्या दुपारची त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यातच अडली. छताकडे बघत राहिली. तिला छताखाली बसवत नव्हतं, म्हणाली. रात्री अंगणात खाट टाकून झोपते. डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक सावली फट वाटते.

"मी तुझं ऐकलं नाही," ती म्हणाली. "दिवसभर तेच डोक्यात. आणि आता मीच भ्याले. या वयात. काय करतात रे भीतीचं?"

असं कुणी डोंगरला कधी विचारलं नव्हतं. पण आयुष्यभराचा हाच त्याचा अभ्यास होता.

"आधी दाराजवळची खुर्ची घ्यायची," तो म्हणाला. "भिंतीला पाठ लावून. हं, अशी. मग मनातल्या मनात नाही, तोंडानं म्हणायचं, मला भीती वाटतेय. मोठ्यानं."

"मला भीती वाटतेय," आत्या म्हणाली.

"कशाची ते म्हणायचं."

"हे छत पडेल याची."

ताईनं चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःही येऊन दाराकडेच्या स्टुलावर बसली. तेवढ्यात डोक्यावर धावल्याचा आवाज आला. आत्याचा धक्का लागून कप कलंडला. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी गच्च धरली, डोळे घट्ट मिटले.

"ती वरच्या मजल्यावरची मुलगी आहे," डोंगर म्हणाला. त्याचाही आवाज नीट नव्हता. "शाळेतून आलीये. आता खिडकीपर्यंत जाईल, मग वळेल. ऐका."

तिघंही ऐकत राहिली. पावलं खिडकीपर्यंत गेली, थांबली, आणि वळली.